कॅथेड्रल मनगटावर: ठोके देणारी लिमिटेड एडिशन घड्याळं आणि गॉथिक चर्चचा आवाज

चावीचं_घड्याळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे एचएमटीवर धागे झाले, ऑटोमॅटिक विरुद्ध क्वार्ट्झ ही मारामारी तर दरवर्षी होते, पण ठोके देणाऱ्या मनगटी घड्याळांवर नीट असा एकही धागा सापडला नाही म्हणून हा काढतोय. निमित्त म्हणजे गॉथिक कॅथेड्रलवरून, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन धाटणीच्या मोठ्या चर्चवरून 'प्रेरणा' घेतलेली घड्याळं. हा प्रकार हल्ली बराच दिसतो, आणि त्यावर माझं ठाम मत आहे.

मत आधीच सांगून टाकतो. कॅथेड्रलवरून घड्याळ करायचं असेल तर ते वाजलं पाहिजे. डायलवर रोझ विंडोची (चर्चच्या भिंतीतली रंगीत काचांची मोठी गोल खिडकी) नक्षी, मागच्या झाकणावर शिखरं कोरलेली, बाजूला अमुकपैकी तमुक असा नंबर, एवढ्यावर मला ते कॅथेड्रलचं घड्याळ वाटत नाही. कितीही सुंदर असलं तरी ते कॅथेड्रलचं चित्र झालं.

कारण असं की युरोपातली सगळ्यात जुनी यांत्रिक घड्याळं बघायला नव्हतीच, ऐकायला होती. इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथेड्रलचं घड्याळ साधारण १३८६ चं मानतात. त्याला डायल नाही, काटे नाहीत. लोखंडी पट्ट्यांची चौकट, लाकडी ड्रमवर गुंडाळलेला दोर, दोराला टांगलेली दगडी वजनं, आणि काम एकच, तास झाला की वर टॉवरमधली घंटा वाजवायची. पुढे ते अडगळीत गेलं, विसाव्या शतकात पुन्हा सापडलं आणि १९५६ मध्ये मूळ पद्धतीने दुरुस्त करून चालू केलं. म्हणजे शेतातल्या माणसाला, बाजारातल्या बाईला वेळ कानाने कळायची, चर्चकडे तोंड करून उभं राहायची गरज नव्हती. त्याच्या आसपासचंच इंग्लंडमधल्याच वेल्स गावातल्या कॅथेड्रलचं घड्याळ, त्यात दर पाव तासाला घोड्यावरचे सरदार गोल फिरून एकमेकांवर चाल करतात आणि एकजण दरवेळी आडवा होतो. पण तिथेही सरदार बघायला माणसं जमतात ती घंटा ऐकूनच.

आता मनगटावर येऊ. आधीच्या वाजणाऱ्या खिशातल्या घड्याळांत खरीखुरी छोटी घंटा असायची, केसच्या तळाशी वाटीसारखी बसवलेली, त्यामुळे घड्याळ जाडजूड व्हायचं. १७८३ मध्ये ब्रेगे या घड्याळजीने घंटेच्या जागी पोलादी तारेची स्प्रिंग वापरली, आधी सरळ, मग मशीनच्या कडेने गोल फिरवलेली. तोच गाँग. आजपर्यंत तीच पद्धत चालू आहे. साधा गाँग मशीनभोवती जवळपास एक फेरा घेतो. तोच लांब करून दीड-दोन फेरे घेतले की त्याला कॅथेड्रल गाँग म्हणतात. तार लांब म्हणून स्वर खाली जातो आणि मुख्य म्हणजे घुमतो, विरायला वेळ घेतो. पाटेक फिलिपचं २०१७ चं ५१७८ हे याच जातीचं, व्हाइट गोल्डमधलं मिनिट रिपीटर, म्हणजे बटण दाबलं किंवा पट्टी सरकवली की किती वाजले ते ठोक्यांनी सांगणारं. डायल अगदी साधा, क्रीम रंगाचा, त्यावर कॅथेड्रलचं नावनिशाण नाही, तरी माझ्या हिशोबाने ते रोझ विंडो छापलेल्या दहा घड्याळांपेक्षा कॅथेड्रलच्या जास्त जवळ आहे.

अर्थात ते आपल्या आवाक्यातलं नाही, इथे कोणाच्या असेल तर त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा, आम्ही सगळे येऊ. पण २०२२ च्या नोव्हेंबरात ख्रिस्तोफर वॉर्ड या इंग्लिश कंपनीने बेल कांतो आणलं आणि चित्रच पालटलं. पहिली निळी बॅच फक्त ३०० नगांची होती, लगेच संपली. टायटॅनियम केस, ४१ मिलिमीटर, दर तासाला एकच ठोका, किंमत तेव्हा तीन हजार पौंडांच्या आसपास. २०२३ ला जिनिव्हाच्या ग्राँ प्री या घड्याळांच्या स्पर्धेत त्याला पेतीत ऐग्वी म्हणजे कमी किमतीच्या गटातलं बक्षीस मिळालं. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या मायस्टरसिंगरचं बेल होरा पण असंच, तासाला एक ठोका.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कोणी अशी घड्याळं प्रत्यक्ष ऐकली आहेत का, आणि कॅथेड्रलमधून घड्याळाने नेमकं काय घ्यावं असं तुम्हाला वाटतं. चित्र, रचना की आवाज?

पर्वतीपायथा

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. एक बेसिक शंका. तासाला एकच ठोका देणारं घड्याळ आणि रिपीटर यात फरक काय? आणि किमतीत एवढी तफावत का? एक तीन हजार पौंडाला आणि दुसरं फ्लॅटच्या किमतीत, दोन्ही वाजतातच ना.

दुरुस्तीवाला

@पर्वतीपायथा, घड्याळ दुरुस्ती हा माझा धंदाच आहे, वडिलांपासून दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासाला एक ठोका देणाऱ्यात मशीन साधंच असतं. बेल कांतोच्या आत सेलिटा या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू २०० मशीन आहे, ते तुम्हाला शेकडो घड्याळांत मिळेल. त्याच्यावर एक वेगळी प्लेट चढवलेली, त्यात गोगलगायीच्या आकाराची एक चकती, म्हणजे कॅम, तासाला एक फेरा घेतो. तो फिरताना हातोडीची स्प्रिंग हळूहळू ताणत नेतो आणि साठावं मिनिट संपलं की कॅमची कडा सुटते, हातोडी पडते, टण्ण. संपलं. किती वाजले हे घड्याळाला माहीत असायची गरजच नाही.

रिपीटरला माहीत असावं लागतं. तुम्ही बाजूची पट्टी सरकवली किंवा बटण दाबलं की एक वेगळी स्प्रिंग भरते आणि तीन पाय तीन कॅमवर जाऊन टेकतात. तासाच्या कॅमला बारा पायऱ्या, पाव तासाच्याला चार, मिनिटाच्याला चार हात आणि प्रत्येक हाताला पायऱ्या. पाय जेवढा आत जाईल तेवढे दात मोकळे होतात आणि तेवढेच ठोके पडतात. तास खालच्या स्वरात, पाव तास दोन्ही स्वरात डिंग-डाँग, मिनिटं वरच्या स्वरात. सगळ्यात जास्त ठोके बारा एकोणसाठला, १२ तासाचे, तीन पावांचे ६ आणि मिनिटांचे १४, एकूण ३२. हे सगळं तीन सेंटिमीटरच्या जागेत आणि एकही ठोका चुकायला नको. पैसे त्याचे आहेत. शिवाय ठोके एका लयीत पडावेत म्हणून एक गव्हर्नर असतो, जुन्यांत अँकरवाला, तो घर्रर्र असा आवाज करतो, नव्यांत हवेत फिरणारा, जवळपास मुका.

आता कॅथेड्रल गाँगबद्दल. ऐकायला सोपं वाटतं, तार लांब केली की झालं. पण दोन गाँग, प्रत्येकाचे दोन फेरे, म्हणजे चार तारा एकमेकींच्या शेजारी केसाएवढ्या अंतरावर. हातोडी पडली की तार थरथरते आणि शेजारणीला लागली की झालं, सगळा आवाज झरझरा होतो. आणि लांब तार जास्त झुलते म्हणून हे संकट मोठं. तार जिथे ठोकळ्यात बसवलेली असते त्या टाचेपाशी कानसीने एक दोन हलके हात मारले की स्वर उतरतो, टोकाकडून कापली की चढतो, आणि कापलेली तार परत जोडता येत नाही. म्हणून ज्याचा कान तयार आहे तोच माणूस हे करतो. हातोडीने वार करून लगेच मागे यायला पाहिजे, तारेवर टेकून राहिली तर टण्णचं टक् होतं.

माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचं आजोबांच्या वेळचं पाव तासाचं रिपीटर आलेलं, खिशातलं. आधी कुठेतरी कोणीतरी गाँगच्या टाचेपाशी तेल सोडलेलं, हातोडीच्या तोंडावरही. आवाज अगदी ओल्या लाकडासारखा. सगळं उघडून, बेंझिनमध्ये धुऊन, सुकवून परत बसवलं. ठोकळ्याचा स्क्रू आवळायला घेतला तेव्हा दर पाव फेऱ्याला स्वर स्वच्छ होत गेला, पूर्ण आवळल्यावर एकदम मोकळा झाला. गाँग केसला किती घट्ट धरलेला आहे यावर एवढं अवलंबून असतं. सोनं, टायटॅनियम, पोलाद, प्रत्येकात आवाज निराळा. प्लॅटिनम जड असल्याने आवाज खातं, हे सगळे कारागीर सांगतात.

ऱ्हाईनकाठी

धागाकर्त्याचा मुद्दा शंभर टक्के पटला, कारण मी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या नदीपलीकडे जर्मन बाजूला राहते आणि पाहुणे आले की त्यांना कॅथेड्रलला नेणं हे ठरलेलं असतं. तिथलं घड्याळ या चर्चेत यायलाच पाहिजे.

कॅथेड्रल व्होज डोंगरातल्या गुलाबी वालुकाश्माचं आहे, संध्याकाळच्या उन्हात फार सुरेख दिसतं. शिखर एकच आहे, १४२ मीटर, १४३९ ला पूर्ण झालं, दुसरं कधी बांधलंच नाही. १६४७ ते १८७४ एवढा काळ ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती. आत दक्षिणेच्या बाजूला घड्याळ आहे, पाच-सहा मजली इमारतीएवढं उंच म्हटलं तरी चालेल. आज आहे ते तिसरं. पहिलं १३५२ ते ५४ मध्ये केलं, त्यातला लोखंडी कोंबडा अजून आहे, शहरातल्या संग्रहालयात ठेवलाय, पंख फडफडवायचा, चोच उघडायचा. युरोपातल्या जुन्यात जुन्या शिल्लक यांत्रिक बाहुल्यांमध्ये तो मोजतात. दुसरं १५७४ चं, दासिपोदियस नावाच्या गणितज्ञाने आखलेलं आणि हाब्रेष्ट बंधूंनी घडवलेलं, ते १७८८ च्या सुमारास बंद पडलं. मग १८३८ ते ४२ मध्ये जाँ-बाप्तिस्त श्विल्गे या स्ट्रासबर्गच्याच माणसाने जुन्या लाकडी कपाटात आजचं मशीन बसवलं. त्यात ईस्टरची तारीख काढणारं यंत्र आहे. ईस्टर चंद्रावर ठरतो, दरवर्षी हलतो, आपल्याकडच्या तिथींसारखा. तर ३१ डिसेंबरच्या रात्री ती चक्रं फिरतात आणि पुढच्या वर्षाचे सण आपोआप जागेवर बसतात. कॉम्प्युटरच्या शंभर वर्षं आधी, नुसत्या दातेरी चक्रांवर.

पण मला सांगायचंय ते ठोक्यांबद्दल. मधल्या कोनाड्यात मृत्यू उभा आहे, हाडांचा सापळा. दर पाव तासाला त्याच्यासमोरून एक माणूस जातो. पहिल्या पावाला मूल, दुसऱ्याला तरुण, तिसऱ्याला प्रौढ, चौथ्याला म्हातारा. पावाचे ठोके ही माणसं देतात, पण तासाचे ठोके मृत्यू देतो, आणि ते फक्त तोच देऊ शकतो. वरच्या कोनाड्यात ख्रिस्त. दुपारी साडेबाराला बारा शिष्य एकेक करून ख्रिस्तापुढून जातात, तो आशीर्वाद देतो आणि मधेमधे डावीकडच्या उंच बुरुजावरचा कोंबडा तीनदा आरवतो. भात्यातून हवा सोडून काढलेला तो आवाज चांगलाच मोठा आहे, लहान मुलं दचकतात.

साडेबाराच का हे पाहुणे नेहमी विचारतात. कारण घड्याळ स्ट्रासबर्गच्या स्थानिक वेळेवर चालतं, फ्रान्सच्या सरकारी वेळेपेक्षा अर्धा तास मागे. घड्याळाच्या दृष्टीने तेव्हा बारा वाजलेले असतात. गावाचा सूर्य आणि सरकारचं घड्याळ वेगळं, हे तिथे रोज कानाने कळतं.

आता मला सांगा, हे सगळं असताना कोणी डायलवर त्या शिखराचं चित्र काढून 'स्ट्रासबर्ग एडिशन' म्हणून विकलं तर मी का घ्यावं? त्यापेक्षा मनगटी घड्याळात पावाला हलका ठोका आणि तासाला जड ठोका, एवढं जरी केलं तरी ते स्ट्रासबर्गचं होईल.

कमानवाली

मी आर्किटेक्ट आहे आणि इथे थोडा विरोध नोंदवते. आवाज तर हवाच, पण रचनेला तुम्ही सगळे फार पटकन बाजूला करताय.

गॉथिकमध्ये मोठी गोष्ट काय घडली, तर छताचं वजन भिंतीवरून काढून कमानींच्या बरगड्यांतून खाली आणलं आणि बाहेरून फ्लाइंग बट्रेसचे टेकू देऊन पेललं. भिंत मोकळी झाली म्हणून तिथे काचा आल्या, रोझ विंडो आली. रोझ विंडो ही नक्षी नाहीये, ती त्या रचनेचं फळ आहे. आणि सांगाडा लपवलेला नाही, बाहेरून नोत्र दामच्या मागे जाऊन उभे राहा, इमारत आपले सगळे हाडांचे सांधे दाखवत उभी आहे. हे जर घड्याळात आणायचं तर मशीनच्या ब्रिजेस (चक्रं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) बरगड्यांसारख्या कोरणं, डायल काढून टाकून हातोडी आणि गाँग समोर ठेवणं, हे सगळं अगदी रास्त आहे. त्याला चित्र म्हणता येणार नाही.

काचेचं पण तेच. प्लीक-आ-जूर नावाचं मीनाकाम असतं, त्यात रंगाच्या मागे धातूचा पत्रा ठेवत नाहीत, फक्त कडेच्या तारा, आणि रंगातून उजेड आरपार जातो. भाजताना एक कप्पा तडकला की अख्खा तुकडा गेला. स्टेन्ड ग्लासशी नातं सांगायचा हक्क त्याला आहे, छापील रोझ विंडोला नाही, इथे मी धागाकर्त्यांशी सहमत.

आणि एक. लिमिटेड एडिशन झटपट डिझाइन करून विकायला काढतात. कोलोनचं कॅथेड्रल १२४८ ला सुरू झालं, सोळाव्या शतकात काम थांबलं, अर्धवट दक्षिण टॉवरवर मध्ययुगीन क्रेन शेकडो वर्षं तशीच उभी होती आणि १५७ मीटरची दोन्ही शिखरं १८८० ला पूर्ण झाली. बोव्हेला छत एवढं उंच नेलं की १२८४ मध्ये काही भाग कोसळला. या इमारतींमागे एवढी जिद्द आणि जोखीम आहे. घड्याळवाल्यांनी प्रेरणा घ्यायचीच असेल तर ती जोखीमही घ्यावी.

मंद्रसप्तक

शास्त्रीय गाणं शिकते आणि शिकवते, घड्याळातलं काही कळत नाही, पण घंटेतलं थोडं कळतं म्हणून लिहायचा मोह आवरत नाहीये.

युरोपातली चर्चची घंटा नीट ऐका. तिच्यात एक स्वर नसतो, पाच-सहा असतात आणि घंटा ओतणारे ते ठरवून जुळवतात. मुख्य सा, त्याच्याखाली सप्तकभर खोल एक गुंजन सगळ्यात शेवटपर्यंत टिकणारं, वर पंचमाच्या आसपासचा एक, वरचा सा, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कोमल गंधार. हो, घंटेच्या आकारातूनच कोमल गंधार निघतो. चर्चच्या घंटेत जी हुरहूर वाटते ती तिथून येते. नेदरलंड्समधल्या आयस्बाउट्स या कारखान्याने १९८५ च्या सुमारास घंटेचा आकार बदलून शुद्ध गंधाराची घंटा करून दाखवली. ती लगेच वेगळी ऐकू येते, प्रसन्न, पण मला कोमल गंधाराचीच हवी.

आता अडचण अशी की तारेच्या गाँगमधून हे येत नाही. तारेचे उपस्वर घंटेसारखे जुळलेले नसतात आणि खर्ज तर निघूच शकत नाही, कारण खालचा स्वर हवेत जायला मोठा पृष्ठभाग हलायला लागतो. तानपुऱ्याची तार भोपळ्याशिवाय वाजवून बघा, म्हणजे कळेल. मग घड्याळात भोपळ्याचं काम कोण करतं?

चावीचं_घड्याळ (धागाकर्ता)

@मंद्रसप्तक, प्रश्न अगदी मर्मावर विचारलात. गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात जे चांगलं काम झालंय ते बरंचसं याच प्रश्नावर झालंय. झेजे-लकुल्त्रने गाँग थेट वरच्या काचेला जोडला, म्हणजे काच हलते आणि आवाज बाहेर फेकते. ऑडेमार पिगेने २०१५ मध्ये सुपरसोनरी दाखवलं, त्यात गाँग मशीनच्या प्लेटवर न बसवता मागे एका पातळ पडद्यावर बसवलाय, गिटारच्या लाकडी पाठीसारखा, लोझानच्या तंत्रविद्यापीठाबरोबर काम करून. शोपारने २०१६ च्या फुल स्ट्राइकमध्ये गाँगच नीलमण्याचे केले, काच आणि गाँग एकाच तुकड्यातून कोरलेले, मधे जोड नाही. त्याला २०१७ चं ऐग्वी दॉर मिळालं, जिनिव्हाच्या ग्राँ प्रीतलं सर्वोच्च बक्षीस. खर्ज तरी नाहीच येत, पण दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल इतका आवाज येतो.

@कमानवाली, हातोडी आणि गाँग समोर ठेवण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. बेल कांतोची हातोडी डायलच्या बाजूलाच आहे, गाँग कडेने वळवलेला दिसतो, तास व्हायला आला की हातोडी मागे सरकत जाते ते बघता येतं. तिथे रचना आणि आवाज एकच झालेत. माझा राग फक्त छापील चित्रांवर आहे आणि तो राहील.

नोत्र दामचा उल्लेख आला म्हणून एक सांगतो. १५ एप्रिल २०१९ ची आग आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. चर्च लोकांसाठी उघडलं डिसेंबर २०२४ मध्ये, पण त्याच्या महिनाभर आधी, ८ नोव्हेंबरला, उत्तर टॉवरच्या आठही घंटा आगीनंतर पहिल्यांदा एकत्र वाजल्या. दरवाजे बंदच होते, आत अजून काम चालू होतं, पण घंटा वाजल्यावर पॅरिसला कळलं की नोत्र दाम परत आलं. दक्षिण टॉवरमधली इमॅन्युएल तर सतराव्या शतकातली, तेरा टनांची. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा कुठून देऊ? या पुनर्बांधणीच्या स्मरणार्थ कोणी शंभर-दोनशे नगांचं घड्याळ केलं आणि ते मुकं असलं तर मला खरंच वाईट वाटेल.

टॉवरखालचा

वेस्टमिन्स्टर चाइमवाल्या घड्याळांबद्दल कोणी बोललं नाही अजून. चार गाँग आणि चार हातोड्या असलेली, पाव तासाला तीच ती ओळखीची धून. लोकांना वाटतं ती बिग बेनची. ती १७९३ मध्ये केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चसाठी रचली गेली, बिग बेनला १८५९ मध्ये आली. म्हणजे धून मुळात चर्चचीच, आणि ते चर्चही उत्तरकालीन गॉथिक. कॅथेड्रल नव्हे, विद्यापीठाचं चर्च. त्यामुळे गॉथिक चर्चचा आवाज मनगटावर हवा असेल तर अस्सल उत्तर हेच आहे असं मला वाटतं, फक्त चार गाँग एकमेकांना न लागता बसवायचे म्हणजे दुरुस्तीवाल्यांनी वर लिहिलेल्या भानगडीची दुप्पट.

अवांतर: मुंबईत फोर्टमध्ये नोकरी होती तेव्हा राजाबाई टॉवरखालून रोज जाणं व्हायचं. तोही गॉथिकच, गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा, १८७८ चा. पाव तासाचे ठोके ऐकूनच आमची लंच अवरची उठाबस व्हायची, वर कोणी बघायचं नाही.

वसईकडचा

अवांतरात अवांतर. चर्चच्या घंटांचा आवाज आपल्याकडेही आहे, फक्त देवळांत आहे. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावर आणल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या टांगलेल्या आहेत. मेणवलीची घाटावरची घंटा हाताने नुसती ढकलून बघा, आपल्या नेहमीच्या देवळातल्या घंटेपेक्षा आवाज वेगळा आहे, बराच वेळ घुमत राहतो. मंद्रसप्तक ताईंनी सांगितलेला कोमल गंधार तिथे ऐकू येतो का ते त्यांनीच जाऊन सांगावं.

मंद्रसप्तक

@वसईकडचा, नक्की जाणार. स्वरपेटी बरोबर नेईन आणि इथेच लिहीन.

निप्पोनी

जपानबद्दल दोन ओळी. सेकोच्या क्रेडॉर विभागाने २००६ ला सोनरी (आपोआप ठोके देणारं घड्याळ) केलं तेव्हा त्यांनी युरोपच्या चर्चचा आवाज घेतलाच नाही. बौद्ध घरांत देव्हाऱ्यापुढे ओरिन नावाची वाटीसारखी घंटा असते, तिच्यावरून त्यांनी घड्याळातली घंटा केली. २०११ च्या मिनिट रिपीटरला तर म्योचिन घराण्याने घडवलेल्या पोलादाचे गाँग आहेत, हे घराणं पूर्वी सामुराईंची चिलखतं करायचं. शिवाय पाव तासाऐवजी दहा-दहा मिनिटांचे ठोके, म्हणजे ऐकून लगेच हिशोब लागतो. धागाकर्त्यांचं म्हणणं मला यातून जास्त पटतं. ज्या जागेवरून घड्याळ करताय तिथला आवाज घ्या. उद्या एखाद्या भारतीय कंपनीने ठोक्याचं घड्याळ केलं तर मला त्यात मेणवलीच्या घंटेचा आवाज ऐकायला आवडेल.

पर्वतीपायथा

वाचून आता खरंच घ्यावंसं वाटायला लागलंय, तासाला एक ठोकावालं. @दुरुस्तीवाला, पुण्यात वापरायला काही अडचण? रात्री वाजून झोपमोड होणार का? आणि सर्व्हिसिंग?

दुरुस्तीवाला

झोपेची काळजी नको, बेल कांतो आणि बेल होरा या दोन्ही घड्याळांत ठोका बंद करायची सोय बाजूच्या बटणावर आहे. बंद केल्यावरही कॅम फिरत राहतो, फक्त हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. मीटिंगला, सिनेमाला, कोणाच्या दहाव्याला जाताना आठवणीने बंद करा.

तासाच्या आसपास, समजा पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे, काटे मागे फिरवू नका. कॅमच्या कड्यावर पाय टेकलेला असतो, मागे फिरवलं तर ते टोक मोडू शकतं. कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा आणि तसंच करा. रिपीटर असेल तर ठोके चालू असताना चावी अजिबात ओढायची नाही, हा नियम सगळ्या रिपीटरना लागू.

पाणी हा मोठा प्रश्न. आवाज बाहेर यायचा म्हणजे केस पातळ आणि सील कमी, त्यामुळे अशी घड्याळं हात धुण्यापुरतीच. पुण्यात जून ते सप्टेंबर टू-व्हीलरवर घालू नका. कोकणात किंवा गोव्यात असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, पुडी गुलाबी झाली की बदला.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर खालचं सेलिटाचं मशीन कुठलाही चांगला कारागीर उघडेल, पण वरची ठोक्याची प्लेट उघडू देऊ नका, तिला कंपनीकडेच पाठवायचं. पाठवताना कुरिअर, विमा आणि परत येताना कस्टमची कागदपत्रं हे सगळं आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर स्वतःच्याच घड्याळावर पुन्हा ड्यूटी भरायची वेळ येते. विकत घेताना बिल, वॉरंटी कार्ड आणि लिमिटेड एडिशन असेल तर मागचा नंबर तिन्हीवर एकच आहे का बघा.

आणि घ्यायच्या आधी एकदा ऐका. यूट्यूबवर माईक तारेच्या शेजारी लावलेला असतो, त्यावर जाऊ नका. घड्याळ हातात घाला, ठोका ऐका, मग काढून रिकाम्या लाकडी डब्यावर पालथं ठेवून परत ऐका. दोन्हींत केवढा फरक पडतो ते कळलं की कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.